गळतीचा सेन्सर कुठे ठेवावा आणि त्याचा भोंगा कुणाला ऐकू जावा

एक लिटर पाणी सपाट फरशीवर १ मिलिमीटर जाडीने पसरले, तर ते एक चौरस मीटर जागा व्यापते. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणारी नळी निखळली, तर १० चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात पहिल्याच मिनिटाला सगळीकडे पाण्याचा थर होतो आणि घरातली माणसे ८ तास बाहेर असतील, तर तोवर ४,८०० लिटर पाणी वाहून गेलेले असते. गळतीचा सेन्सर हे पाणी अडवत नाही. तो ८ तासांचे नुकसान काही मिनिटांवर आणतो, आणि तेही तो योग्य जागी असेल व त्याचा आवाज कुणाच्या तरी कानावर पडेल तरच. खरेदीच्या आधी या दोन गोष्टींचा विचार करावा. कोणता नमुना घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

सेन्सरची रचना साधी असते. त्याच्या तळाशी धातूचे दोन किंवा अधिक बिंदू असतात. त्यांच्यामध्ये पाणी आले की वीजप्रवाहाचा मार्ग पूर्ण होतो, आतला लहानसा भोंगा वाजू लागतो आणि फोनवर सूचना जाते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पापासून बनलेले असते, त्यात क्षार नगण्य असतात, त्यामुळे अशा पाण्यावर एखादा सेन्सर उशिरा जागा होऊ शकतो. म्हणून ज्या यंत्राजवळ सेन्सर ठेवायचा, त्याच यंत्राचे पाणी वाटीत धरून त्यावर चाचणी घ्यावी. काही नमुन्यांत वरच्या बाजूलाही बिंदू असतात. ठिबकणाऱ्या जोडाच्या थेट खाली ठेवायला ते बरे पडतात. लांब भिंतीलगत किंवा यंत्राच्या भोवती लक्ष ठेवायचे असेल, तर सेन्सरला जोडता येणारी संवेदक तार घ्यावी, कारण तिच्या लांबीवर कुठेही पाणी लागले तरी इशारा मिळतो.

सेन्सरची जागा ठरवताना गळलेले पाणी शेवटी कुठे जाऊन थांबते ते पाहावे. त्यासाठी पेलाभर पाणी फरशीवर ओतून ते कोणत्या बाजूला धावते हे पाहण्यासारखा दुसरा सोपा उपाय नाही. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या फरशीलाही उतार असतोच, आणि अनेकदा पाणी यंत्रापासून हातभर दूर, भलत्याच कोपऱ्यात जमते. सेन्सर त्या कोपऱ्यात ठेवावा.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. सिंकखालच्या कपाटात सेन्सर ठेवून मी कित्येक महिने निर्धास्त होतो. गळती सुरू झाली ती सिंकच्या ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपाच्या, जोडातून. पाणी पाइपाच्या अंगाने उतरले, कपाटाच्या तळफळीला पाइपासाठी पाडलेल्या भोकातून थेट खाली गेले, आणि फळीच्या मधोमध बसवलेला सेन्सर शेवटपर्यंत कोरडा राहिला. फळीची कड फुगून कपाटाचे दार घासू लागले तेव्हा मला पत्ता लागला. आता तो सेन्सर कपाटाखालच्या फरशीवर आहे. पाइपाच्या सर्वांत खालच्या वळणाला सुती चिंधी बांधून तिचे दुसरे टोक त्या भोकातून खाली सोडले आहे आणि सेन्सरच्या पोटाखाली सरकवले आहे. दिसायला हा जुगाड ओबडधोबड आहे, पण पाइपावर ओघळलेले पाणी चिंधी शोषून खाली आणते आणि काही वेळातच भोंगा वाजतो, हे मी करून पाहिले आहे.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत दोन नळ्यांचा विचार करावा. पाणी आत नेणाऱ्या नळीवर तोटी उघडी असेपर्यंत सतत दाब असतो, म्हणून धुणे संपल्यावर तोटी बंद करण्याची सवय सेन्सरइतकीच मोलाची आहे. पाणी बाहेर सोडणारी नळी यंत्राच्या हादऱ्याने मोरीतून उसळून बाहेर येते. ती आधी बांधून टाकावी. भिंतीवरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या बारीक नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, तेव्हा त्याच्या खालीही एक सेन्सर असावा. गिझरखाली ठेवताना मात्र सावध राहावे, कारण पाणी तापले की प्रसरण पावते आणि सुरक्षा झडपेतून थोडे ठिबकणे हे गिझरचे नेहमीचे वागणे आहे. ते पाणी नळीने मोरीपर्यंत नेले नाही, तर भोंगा रोज सकाळी वाजेल आणि आठवड्याभरात घरातले कुणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवेल. ज्या न्हाणीघराची फरशी रोजच ओली होते तिथे आत सेन्सर ठेवण्यात अर्थ नाही. तो उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा.

आता भोंग्याविषयी. सेन्सरच्या आतला भोंगा जवळ उभे राहिल्यास कर्कश वाटतो, पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि कपाटाचे दार, खोलीचे दार व पंख्याची घरघर यांतून उरलेला आवाज झोपलेल्या माणसाला उठवण्याइतका राहतोच असे नाही. याची परीक्षा घरीच घ्यावी: एकाने झोपण्याच्या खोलीत दार लावून, पंखा सुरू करून आडवे व्हावे आणि दुसऱ्याने सेन्सर ओला करावा. ऐकू आले नाही, तर सेन्सरशी जोडता येणारा स्वतंत्र भोंगा घेऊन तो त्या खोलीच्या बाहेर बसवावा. वयानुसार उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून घरात वृद्ध असतील तर खालच्या पट्टीचा किंवा आवाजासोबत दिवा लुकलुकणारा भोंगा निवडावा. धुराच्या इशाऱ्यापेक्षा आणि दारावरच्या घंटीपेक्षा त्याचा सूर वेगळा असावा, नाहीतर मध्यरात्री माणूस दार उघडायला धावतो.

फोनवरची सूचना ही भोंग्याची जागा घेऊ शकत नाही. वायफायवर चालणारा सेन्सर थेट राउटरशी बोलतो. झिगबी, झेड-वेव्ह किंवा थ्रेड या बिनतारी पद्धतींच्या सेन्सरना मध्ये एक हब, म्हणजे त्यांचे संदेश पुढे पोहोचवणारे यंत्र, लागतो, मात्र त्यांची बॅटरी सहसा अधिक काळ टिकते. मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठीचे सामाईक मानक आहे; २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.३ या आवृत्तीत गळतीचे सेन्सर आणि पाण्याच्या झडपा यांचा समावेश झाला, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालवणे सोपे झाले आहे. पद्धत कोणतीही असली तरी वीज गेली की राउटर आणि हब दोन्ही बंद पडतात, तेव्हा त्यांना लहान यूपीएस जोडावा. सेन्सरने भोंगा वाजवण्याचा किंवा झडप बंद करण्याचा आदेश घरातल्या हबमधूनच जावा, इंटरनेटवरून फिरून येऊ नये, अशी व्यवस्था शक्य असेल तर तीच निवडावी. फोनमध्ये त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळावे, शांतता मोडमध्येही आवाज करण्याची मुभा द्यावी आणि सूचना जवळ राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाच्या फोनवरही जाईल असे पाहावे. प्रवासात असताना हातात नुसती सूचना असून भागत नाही, घरापर्यंत पोहोचू शकणारे कुणीतरी लागते.

ज्यांचे घर बराच काळ बंद राहते, त्यांनी पाणी आपोआप तोडणाऱ्या झडपेचा विचार करावा. मुख्य कॉक दांडी पाव फेरा फिरवून बंद होणारा असेल, तर त्या दांडीवर बसणारी मोटार पाइप न कापता लावता येते; अनेक फेरे फिरवाव्या लागणाऱ्या गोल चावीवर ती चालत नाही. विजेच्या चुंबकावर चालणारी सोलेनॉइड झडप स्वस्त पर्याय म्हणून सुचवली जाते, पण तिच्या अनेक प्रकारांना नीट काम करण्यासाठी किमान दाब लागतो, आणि टाकी नळापेक्षा ३ मीटरच उंच असेल तर मिळणारा दाब जेमतेम ०.३ बार असतो. अशा घरात मोटारीची बॉल झडपच (आतला भोक असलेला गोळा फिरवून पाणी बंद करणारी) घ्यावी, असे माझे मत आहे. टाकीतून एकापेक्षा अधिक पाइप खाली येत असतील, तर एकच झडप पुरणार नाही, हेही आधी तपासावे.

भोंगा वाजला की पाण्यात पाय टाकण्याआधी थांबावे. पाणी जमिनीलगतच्या प्लगपर्यंत, एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत किंवा चालू यंत्रापर्यंत पोहोचले असेल, तर कोरड्या जागेवरून मुख्य स्विच बंद करावा; तिथवर जायला पाणीच तुडवावे लागत असेल तर आत जाऊ नये, वायरमनला बोलवावे. त्यानंतर मुख्य कॉक बंद करावा, आणि पुसणे सगळ्यात शेवटी. कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, दाखवून ठेवावे आणि महिन्यातून एकदा तो बंद-उघड करावा, कारण वर्षानुवर्षे न हलवलेला कॉक नेमका गरजेच्या वेळी जाम झालेला सापडतो.

त्याच दिवशी सेन्सरही तपासावा. ॲपमधले चाचणीचे बटण फक्त जोडणी सुरू आहे का ते सांगते. बिंदू काम करतात का हे ओल्या फडक्यानेच कळते. बिंदूंवर क्षारांचे किंवा साबणाचे पुट चढलेले असेल, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून कोरडे करावेत. बॅटरी बदलल्याची तारीख पट्टीवर लिहून सेन्सरच्या पाठीवर चिकटवावी. फरशी पुसताना सेन्सर उचलून ओट्यावर ठेवला जातो आणि तिथेच विसरला जातो. माझ्या घरी हे दोनदा झाले, म्हणून त्याच्या मूळ जागेवर मी रंगीत चिकटपट्टीची चौकट आखली आहे.

भिंतीच्या आत किंवा फरशीखाली मुरणारे पाणी यांपैकी कोणत्याही सेन्सरला दिसत नाही. त्यासाठी रात्री झोपताना सर्व नळ बंद करून, टाकी भरत नाही ना याची खात्री करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी, कुणीही पाणी वापरण्याआधी, तो पुन्हा पाहावा. रात्रीत कुणी पाणी वापरलेले नसताना आकडा पुढे सरकला असेल, तर प्लंबरला बोलावण्याची वेळ झाली आहे.