पडलेल्याचाही हिशेब

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत मी आमच्या दुष्काळी तालुक्यातून अपक्ष म्हणून उभा राहिलो, सपाटून पडलो आणि अनामत रक्कमही गमावली. त्या पराभवाचे मला आता फारसे काही वाटत नाही. निकालानंतरच्या तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करण्याचे जे एक काम माझ्याकडून राहिले, त्याचे मात्र अजूनही वाटते, कारण त्यापायी २०१९ ची निवडणूक मला प्रेक्षक म्हणून पाहावी लागली. आपल्यापैकी जे गावपातळीवर काही वर्षे काम करून आता विधानसभेचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण हवीत, मतदार यादीत नाव हवे, ही प्राथमिक माहिती आपल्याकडे असणारच, तेव्हा तिच्यात वेळ घालवत नाही.

आधी एक मत मांडतो, पटले नाही तर सोडून द्यावे. पहिलीच निवडणूक विधानसभेची लढवणे हा धाडसाचा नव्हे, आळसाचा मार्ग आहे, आणि हे मी स्वतः तो मार्ग धरून शिकलो. आर. आर. पाटील १९९० मध्ये तासगावातून आमदार झाले, त्याआधी त्यांची दहा-अकरा वर्षे सांगली जिल्हा परिषदेत गेली होती. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली. जिल्हा परिषदेच्या गटात माणूस बूथ ओळखायला शिकतो, कोणत्या वस्तीवरचे मत कोणाच्या शब्दाने हलते हे त्याला कळते, आणि पराभव झाला तरी तो परवडणारा असतो. मोठ्या सभांना गर्दी जमवून देणाऱ्या मंडळींकडून यातले काहीही शिकता येत नाही. माझी दोन वर्षे मात्र त्यांच्याच मागे गेली.

पराभवाची भीती मनात असेल, तर सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची कारकीर्द तारखांसह नजरेखालून घालावी. १९६२ साली ते शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले, हे सर्वांना ठाऊक असते. १९७२ आणि १९९५ अशा दोन निवडणुका ते हरले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि दुसऱ्यानंतर १९९९ मध्ये ते परत आले. विलासरावही १९९५ मध्ये लातुरात पडले आणि १९९९ मध्ये निवडून येऊन मुख्यमंत्री झाले. पडलेला माणूस पुढच्या वेळी पुन्हा उभा राहू शकला पाहिजे, एवढी एकच अट या सगळ्यात आहे, आणि नेमकी तीच मी पाळली नाही.

उमेदवारी अर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघातील मतदार असावे लागतात. मतदारसंघाची हद्द तालुक्याच्या हद्दीशी जुळतेच असे नाही, त्यामुळे शेजारच्या गावचा आपला हक्काचा माणूस दुसऱ्याच मतदारसंघाचा निघू शकतो. एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज दाखल करता येतात. त्या प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्यावेत, म्हणजे एक अर्ज बाद झाला तरी दुसरा उरतो. संविधानाशी निष्ठेची शपथ ही अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते. अर्जासोबत मालमत्ता, गुन्हे वगैरेंची माहिती देणारे जे शपथपत्र असते त्यातील एकही रकाना मोकळा सोडू नये, निरंक असेल तर तसे लिहावे, कारण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रिकामा रकाना हे अर्ज फेटाळण्याचे कारण ठरू शकते. तहसील कार्यालयाबाहेर पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्यांवर विसंबू नये. त्यांचे अक्षर चांगले असते, पण खाली सही आपली असते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या, दोन्ही दिवस धरून, सर्व खर्चाचा हिशेब ठेवायचा असतो, आणि कलम ७८ प्रमाणे तो निकालापासून तीस दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा असतो. हे बंधन रिंगणात राहिलेल्या प्रत्येक उमेदवारावर असते. जिंकलेला, दोनशे मतांनी हरलेला, दोनशेच मते मिळालेला, एक रुपयाही खर्च न केलेला, यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. आपण मर्यादेत खर्च केला हे पुरेसे नसते. तो मर्यादेत केला हे दाखवणारा कागद मुदतीत पोहोचावा लागतो. २०१४ मध्ये मर्यादा अठ्ठावीस लाखांची होती, २०२२ पासून आपल्याकडे ती चाळीस लाखांची आहे. माझा सगळा खर्च एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास होता. इतका कमी खर्च करणाऱ्याकडे कोण बघणार, असे मला वाटत होते, आणि या वाटण्यातच मी फसलो.

निकाल लागला १९ ऑक्टोबरला आणि चौथ्या दिवशी लक्ष्मीपूजन आले. तोंड लपवायला सणासारखी सोय नाही. खर्चाच्या पावत्या एका पिशवीत होत्या, ती पिशवी प्रचाराच्या जीपमध्ये होती आणि जीप ज्या मित्राची होती तो दिवाळी उरकून ऊसवाहतुकीच्या कामाला निघून गेला. मंडपवाल्याने पक्के बिल दिलेच नव्हते, चहावाल्याचा हिशेब वहीच्या एका पानावर होता. ज्यांना मी गुरू मानत होतो त्या आमच्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, "अरे, निवडून आला त्याचा हिशेब बघत्यात. पडल्याला कोण इचारतंय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी चाळीस वर्षांत डझनभर निवडणुका हाताळल्या होत्या, पण स्वतःच्या नावाने एकही लढवली नव्हती, आणि हा फरक मला त्या वेळी उमगला नाही. तेव्हापासून मी सल्ला घेण्याआधी त्या माणसाने स्वतः अर्ज भरला होता का, एवढे आवर्जून विचारतो.

१८ नोव्हेंबरची मुदत उलटून गेली आणि काहीच घडले नाही. काहीच न घडणे हा या सापळ्याचा सर्वांत घातक भाग आहे. मध्ये बराच काळ गेला, मी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि मग गावच्या पत्त्यावर निवडणूक आयोगाची कारणे दाखवा नोटीस आली. वडिलांनी ती सरकारी पाकीट म्हणून जपून लाकडी कपाटात, वीजबिलांच्या गठ्ठ्यात ठेवली. नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत म्हणणे मांडता येते. मी गावी गेलो तेव्हा ते दिवस केव्हाच सरले होते. २०१७ मध्ये आदेश निघाला आणि कलम १०-क अन्वये मी तीन वर्षांसाठी अपात्र ठरलो.

येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सुशिक्षित उमेदवारही इथे चुकतात. ही तीन वर्षे निवडणुकीपासून किंवा मुदत संपल्यापासून मोजत नाहीत, ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. २०१४ च्या चुकीची तीन वर्षे २०१७ मध्ये संपतील, मग २०१९ ला आपण मोकळे, असा हिशेब मी केला होता. आदेशच २०१७ मध्ये निघाल्यामुळे अपात्रता २०२० पर्यंत गेली आणि पुढची निवडणूक बरोबर तिच्या मध्यावर सापडली. उशीर जितका अधिक, तितकी ही मुदत पुढच्या निवडणुकीवर सरकण्याची शक्यता अधिक असते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव २००७ मध्ये निवडून आल्या होत्या; वृत्तपत्रांतील पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च हिशेबात न दाखवल्यावरून आयोगाचा आदेश आला २०११ मध्ये, म्हणजे हिशेब मुदतीत देऊनही तो खरा नसेल तर हेच कलम लागते. झारखंडचे मधू कोडा तर अपक्ष आमदार असताना मुख्यमंत्री झालेले गृहस्थ. त्यांच्या २००९ च्या लोकसभा निवडणुकीच्या हिशेबावरचा आदेश २०१७ मध्ये निघाला आणि २०१९ ची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या पंगतीत माझे पान मांडले गेले, असे म्हणून मी काही दिवस हसून घेतले.

अपात्रता लोकसभा, राज्यसभा, विधानसभा आणि विधान परिषद या सर्वांना लागू होते. शिवाय विधानमंडळाच्या निवडणुकीसाठी अपात्र असलेली व्यक्ती पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या सदस्यत्वासाठीही अपात्र राहील, अशी तरतूद संविधानातच आहे, तेव्हा तोवर जिल्हा परिषद लढू, हा मार्गही सुरक्षित समजू नये.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही, कारण काम अवघड मुळीच नाही. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि सगळा पैसा त्यातूनच फिरवावा. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत दहा हजारांपेक्षा अधिक रोख देऊ नये. जी नोंदवही मिळते तिच्यात दैनंदिन हिशेबाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. ती रोज रात्री भरावीत, आठवड्याने बसलो तर चहाचे कप कोणालाच आठवत नाहीत. जिल्ह्याचे दरपत्रक आधीच मिळते आणि त्यात चहा, वडापाव, फेटा, खुर्ची यांचे दर लिहिलेले असतात. प्रचाराच्या काळात नोंदवहीची किमान तीनदा तपासणी होते, तिला स्वतः जावे. प्रशासन आपल्या खर्चाचे शॅडो रजिस्टर, म्हणजे स्वतःची समांतर नोंदवही, ठेवते. २०२४ मध्ये माझ्या एका सभेच्या ऐंशी खुर्च्या त्यात दोनशे झाल्या होत्या. मी मंडपवाल्याचे बिल आणि भरसभेचे छायाचित्र जोडून त्याच दिवशी लेखी हरकत दिली आणि आकडा दुरुस्त झाला. तोंडी वाद घातला असता, तर दोनशेच राहिल्या असत्या.

मुदत चुकली असेल तरी हातपाय गाळू नयेत. नोटीस आलीच तर वीस दिवसांच्या आत पूर्ण हिशेब, पावत्या आणि उशिराचे खरे कारण पुराव्यासह द्यावे. आजारपण असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे लावावीत. कलम १०-क ची भाषाच अशी आहे की, योग्य कारण किंवा समर्थन नसेल तरच अपात्रता येते. आदेश निघाल्यानंतरही कलम ११ प्रमाणे आयोग ती काढू शकतो किंवा तिची मुदत कमी करू शकतो. मला हे कलम कळले तेव्हा माझी दोन वर्षे भोगून झाली होती. अर्जावर असा पत्ता लिहावा जिथे पाकीट उघडणारे माणूस राहते, ही सूचना हास्यास्पद वाटेल, तरीही मी ती प्रत्येक नव्या उमेदवाराला करतो.

२०२४ मध्ये मी पुन्हा उभा राहिलो आणि पुन्हा पडलो. मते मात्र मागच्यापेक्षा दुपटीने मिळाली. निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि अठराव्या दिवशी मी नोंदवही, गोषवारा, बँकेचा उतारा, सही केलेल्या पावत्या आणि शपथपत्र घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. तेथील लिपिकाने सगळी पाने मोजली, एका पावतीवर राहिलेली सही करून घेतली आणि शिक्का मारून पोच दिली. ती पोच मी गावाकडच्या त्याच लाकडी कपाटात ठेवली आहे, वीजबिलांपासून दूर, वरच्या खणात.