टायटलमध्ये दुकानाचं नाव शेवटी टाका, आधी गिऱ्हाईक काय शोधतंय ते

वेबसाइट करताना लोगो, रंग, फोटो यावर सगळे महिनाभर वाद घालतात आणि टायटलला मात्र नुसतं 'होम' राहून जातं. टायटल म्हणजे गूगलच्या रिझल्टमध्ये निळ्या अक्षरात दिसतं ना, ते. साइट वर्डप्रेसवर केलेली असेल तर योस्टसारख्या प्लगइनमध्ये (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) 'एसईओ टायटल'चा रकाना असतो, तिथे बदलायचं.

आता समजा सदाशिव पेठेत एमपीएससीच्या पोरांसाठी तुमची मेस आहे आणि टायटल आहे 'अमुक भोजनालय | आपले सहर्ष स्वागत'. सहर्ष स्वागत कोण शोधणार हो? चितळे बंधूंना लोक नावाने शोधतात, तुम्हाला नाही. लातूर-बीडहून आलेला मुलगा 'सदाशिव पेठ मेस महिन्याचे दर' असं काहीतरी टाकतो, म्हणून 'सदाशिव पेठेत व्हेज मेस: महिन्याचे दर आणि मेनू | अमुक भोजनालय' असं करा. आणि दर लिहिलेत तर ते पानावर असायलाच हवेत, नाहीतर माणूस येतो आणि लगेच परत जातो.

शब्द कुठून आणायचे? गूगलमध्ये अर्धवट टाइप करा, खाली सजेशन्स येतात ती वाचा. साइट थोडी जुनी असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल) क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधलेले शब्द दिसतात, तो तर खजिनाच आहे, तिथे कळतं की लोक 'रविवारी संध्याकाळी चालू मेस' पण शोधतायत, कारण बऱ्याच मेस दुपारी फीस्ट देऊन रात्री बंद. तुमची चालू असेल तर त्याचं वेगळं पान करा आणि टायटलला तेच लिहा. डब्याचं पान वेगळं, त्याचं टायटल पण वेगळं, सगळ्या पानांना एकच टायटल चिकटवू नका.

'मेस पुणे, बेस्ट मेस कोथरूड, मेस कर्वेनगर, मेस वारजे' अशी माळ ओवू नका, वाचणाऱ्याला पण फसवणूक वाटते.

लांबीचं म्हणाल तर गूगलने अक्षरांची मर्यादा दिलेली नाही, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कापतं. ते ६० अक्षरांचं गणित इंग्रजीवरून आलंय, आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांना ते नीट बसत नाही, म्हणून मोजत बसण्यापेक्षा कामाचे शब्द आधी घ्या म्हणजे शेपूट कापलं गेलं तरी चालतं.

कधीकधी गूगल तुमचं टायटल सोडून स्वतःचंच दाखवतं. २०२१ पासून पानावरचं मोठं हेडिंग ते बरंच वापरतं, त्यामुळे हेडिंग आणि टायटल एकाच गोष्टीबद्दल ठेवा. पान मराठीत आणि टायटल रोमन लिपीत असलं तरी ते बदलू शकतं.

बदल केला की सर्च कन्सोलमध्ये पानाची लिंक टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान पुन्हा वाचून नोंदवावं अशी रिक्वेस्ट द्या, मग थांबा, काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज टायटल बदलत बसलात तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. इम्प्रेशन (रिझल्टमध्ये दिसणं) भरपूर पण क्लिक नाहीत असं पान आधी हातात घ्या, तिथे नुसत्या टायटलने पण फरक पडू शकतो. गूगलच्या रिझल्टमध्ये दहाव्या पानावर पडलेलं तुमचं पान नुसत्या टायटलने वर येत नाही, तिथे आतला मजकूरच सुधारावा लागतो.

आणि हो, ही युक्ती गूगल मॅपवरच्या नावाला लावू नका, तिथे पाटीवर आहे तेच नाव चालतं, 'बेस्ट व्हेज मेस' वगैरे जोडलंत तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं.