ब्रिटनचा आपला ऑपेरा कसा निवडावा

बेंजामिन ब्रिटन (१९१३–१९७६) या इंग्रज संगीतकाराने डझनाहून जास्त ऑपेरे लिहिले. त्यातला सर्वांत चांगला कोणता, असं जाणकाराला विचारलं की बहुतेक वेळा ‘पीटर ग्राइम्स’ हे उत्तर येतं. ते चुकीचं नाही, पण त्याने आपलं काम भागत नाही. थोर कोणता हे इतरांनी ठरवून ठेवलंय. आपला कोणता हे कानालाच ठरवावं लागतं, आणि त्याला तीनेक आठवडे लागतात.

सुरुवातीलाच एक सवय बाजूला ठेवावी लागते. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपल्याला गद्य, मग पद, मग पुन्हा गद्य अशी बैठक माहीत आहे. ब्रिटनकडे जवळपास सगळंच गायलं जातं. त्यामुळे ‘आता पद कधी येणार’ म्हणून वाट बघत बसलेला माणूस विसाव्या मिनिटाला फोन हातात घेतो. कान गायकाइतकाच वाद्यांवर ठेवावा. पात्र जे बोलत नाही ते बऱ्याचदा वाद्यवृंद सांगून जातो, आणि दोन प्रवेशांमधल्या वाद्यसंगीतात तर ब्रिटन सगळ्यांत जास्त बोलतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. भाषा इंग्रजी आहे, म्हणजे कळेलच, ही समजूत दहा मिनिटांत मोडते. वरच्या पट्टीत स्वर ताणले की शब्द ओळखू येत नाहीत, आणि तिघं-चौघं एकदम गायला लागले की काहीच हाती लागत नाही. ऐकण्याआधी त्या अंकाची संहिता वाचून काढावी. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्यांदा उपशीर्षकं असलेलं चित्रीकरण पाहिलं तर उत्तम. कथा आधी कळल्याने काहीही बिघडत नाही, कीर्तनाला जाणाऱ्याला कुठे आख्यान नवं असतं?

स्कूटरवर, बसमध्ये किंवा मिक्सर चालू असताना ऐकू नये. ब्रिटनचे हळू भाग फार हळू असतात. कर्वे रोडच्या आवाजात ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या वादळात कान फुटतात. कानावर पूर्ण बसणारे हेडफोन, बंद खोली, आणि हळू भागाला आवाज लावून मग त्याला हात न लावणं, एवढं पाळावं.

आता नमुने. एका संध्याकाळी दोनच, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं.

‘पीटर ग्राइम्स’चा (१९४५) पहिला नमुना म्हणजे पहाटेचा वाद्यतुकडा: वर व्हायोलिन-बासरी, खाली पितळी वाद्यांचा समुद्र. त्यानंतर थेट पहिल्या अंकाचा शेवट, वादळाच्या तुकड्यापासून दारूच्या गुत्त्यातल्या प्रवेशापर्यंत. तिथे ग्राइम्स आत येतो आणि सप्तर्षी-कृत्तिकांबद्दल गातो, तेही बराच वेळ एकाच सुरावर अडून. गुत्त्यातल्या लोकांना वाटतं हा वेडा आहे किंवा प्यालेला. वातावरण निवळावं म्हणून ते एक समूहगीत सुरू करतात, एकामागून एक त्याच चालीत शिरत. ते सात मात्रांत आहे. रूपकाची सवय असलेल्या हाताला ते लगेच सापडतं. इंग्रज श्रोत्याला ते जेवढं वाकडं वाटतं तेवढं आपल्याला वाटत नाही. मग ग्राइम्स मध्येच घुसतो आणि सगळा फेरा उसवतो. मासेमारी करणारं गाव आणि त्यातला एकटा माणूस, हा सगळा ऑपेरा त्या दोन मिनिटांत आहे.

‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१९५४) ही भुताची गोष्ट. फक्त तेरा वादक, म्हणून प्रत्येक वाद्य वेगळं ओळखता येतं. नवख्याला ही फार मोठी सोय आहे. सुरुवातीच्या निवेदनानंतर एक विषय, म्हणजे मूळ धून, येतो, त्यात सप्तकातले बाराही स्वर वापरलेत. पुढे सोळा प्रवेश आणि त्यांच्यामध्ये त्याच विषयाची पंधरा रूपं. विषय तीन-चारदा ऐकून पाठ करावा आणि मगच पुढे जावं, नाहीतर नावातलं मळसूत्र (स्क्रू) फिरतंय हे जाणवणारच नाही. पहिल्या अंकातला धड्याचा प्रवेशही ऐकाच. मुलगा लॅटिन घोकता घोकता एका शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांवर गाणं म्हणतो. ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्यांना आधी गंमत वाटेल, मग अंगावर काटा येईल.

‘कर्ल्यू रिव्हर’ (१९६४) पुणेकरांसाठी मुद्दाम. ब्रिटनने १९५६ मध्ये जपानात ‘सुमिदागावा’ हे नो या पारंपरिक जपानी शैलीतलं नाटक पाहिलं, त्यावरून हा चर्चमध्ये करायचा ऑपेरा झाला. हरवलेल्या मुलाला शोधणारी वेडी आई पुरुष गातो. स्त्रीभूमिकेतल्या पुरुषाची सवय असलेल्या आपल्या रंगभूमीला याचं नवल नको. वादक सात, कंडक्टर म्हणजे वाद्यवृंद चालवणारा नाही. जो तो आपल्या लयीत चालतो, आणि ब्रिटनने स्वरलिपीत घातलेल्या एका खास चिन्हापाशी पुढे गेलेला थांबतो, मागचा येऊन मिळाला की पुढची वाट. समेवर भेटण्यासारखं, फक्त मधला ताल बांधलेला नाही. बासरी आईची आणि हॉर्न नावाड्याचा, एवढं धरून ठेवलं तरी पुरे. ठेका शोधायला गेलात तर मात्र हा ऑपेरा हातातून निसटेल.

‘बिली बड’मध्ये (१९५१) एकही स्त्रीस्वर नाही, सगळं युद्धनौकेवर घडतं. संहिता एरिक क्रोझियर आणि ई. एम. फॉर्स्टर यांची, हे फॉर्स्टर म्हणजे १९२१ साली जे कादंबरीकार देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते तेच. नमुना म्हणून दुसऱ्या अंकातले ते चौतीस स्वरसमूह (कॉर्ड) ऐकावेत: कॅप्टन बंद दाराआड बिलीला फाशीची शिक्षा सांगतो, रंगमंचावर कुणी नाही, शब्द नाही. हे मूळच्या चार अंकांच्या नव्हे, १९६० च्या दोन अंकांच्या आवृत्तीप्रमाणे सांगतोय. ध्वनिमुद्रण कोणतं आहे ते पाहून घ्या, नाहीतर भलतीकडेच शोधत बसाल.

‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ची (१९६०) सुरुवातीची पाच मिनिटं पुरतात. तंतुवाद्यं मिंडेसारखी घसरत जातात आणि जंगल श्वास घेतं. आवडलं तर पुढे जा. ‘अल्बर्ट हेरिंग’ (१९४७) विनोदी आहे. गावातली सगळ्यांत सद्गुणी मुलगी निवडायला बसून शेवटी मुलगा निवडणारी अशी समिती ज्याने सोसायटीच्या सभेत बसून पाहिलीय त्याला हसायला वेळ लागणार नाही.

नमुन्यांतून दोनच निवडा आणि पूर्ण ऐका. ‘ग्राइम्स’ सुमारे अडीच तासांचा, म्हणजे रविवारी एक ते चार, दुकानं आणि फोन दोन्ही बंद असतात तेवढ्यात बसतो. ‘स्क्रू’ला पावणेदोन तास, ‘कर्ल्यू रिव्हर’ला सव्वा तासाच्या आसपास. मध्ये जेवण घेऊ नका, अंक संपल्यावर उठा.

इथे हमखास होणारी चूक आवाजाची. बहुतेक प्रमुख भूमिका ब्रिटनने पीटर पिअर्स या गायकासाठी लिहिल्या, आणि पिअर्सचा आवाज थोडा कोरडा, नाकातून येणारा. तो अनेकांना रुचत नाही, आणि मग ऑपेराच नावडता ठरतो. निकाल देण्याआधी गायक बदलून पाहावा. ‘ग्राइम्स’चं ब्रिटनने स्वतः चालवलेलं, पिअर्सचं १९५८ चं ध्वनिमुद्रण आणि कॉलिन डेव्हिस यांनी चालवलेलं, जॉन विकर्सचं १९७८ चं, यांतला तोच प्रवेश लागोपाठ लावा. पिअर्सचा ग्राइम्स स्वप्नाळू आहे, विकर्सचा अंगावर येतो. दोन्ही नकोसे वाटले तर ग्राइम्स तुमचा नाही, हे मग खुशाल म्हणावं.

यानंतर दहा दिवस ब्रिटन बंद. या काळात भाजी निवडताना किंवा सिग्नलला उभं असताना जे आपोआप आठवतं, गुणगुणता येत नसलं तरी, तिकडे लक्ष ठेवा. अकराव्या दिवशी संहिता न घेता हात ज्याच्याकडे जाईल तो तुमचा. दोघांत बरोबरी झाली तर लहान असेल तो धरा. जो वरचेवर ऐकता येतो तोच मुरतो.

‘डेथ इन व्हेनिस’ (१९७३) या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. तो पिअर्सच्या उतारवयातल्या आवाजासाठी लिहिलाय आणि ज्या मुलाभोवती सगळं फिरतं तो त्यात एक शब्दही गात नाही, फक्त नाचतो. आधीचे तीन-चार ऑपेरे कानात बसल्यावर तो ऐकावा.