सीजे-३बी मध्ये डिझेल इंजिन: इंजिन उचलायचा चेन ब्लॉक लावण्याआधीची तयारी

महिंद्राच्या सीजे-३बी जीपचं २२०० सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून महिंद्राच्याच एमएम ५४० जीपचं २११२ सीसी प्युजो डिझेल बसवायचं, तर पहिला हेलपाटा आरटीओचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आधी मंजुरी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदवून घेणं अवघड झालंय. लेखी होकार मिळेपर्यंत इंजिनासाठी विसार देऊ नये. बिलावर इंजिन नंबर हवा. ब्लॉकवरचा नंबर खरवडलेला दिसला तर भाव न विचारता उठून यावं.

नुसतं इंजिन घेऊ नका. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कवच), फ्लायव्हील, क्लच, चार गिअरचा बॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी), माउंटिंग, अल्टरनेटर असा सगळा संच एकाच गाडीचा उचला. जुन्या गिअरबॉक्सला अडॅप्टर प्लेट कापून जोडणं स्वस्त वाटतं, पण दोघांचा मध्य पाव मिलिमीटरहून जास्त हुकला की गिअर सुटतो आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडतं. प्लेट केलीच तर डायल गेज लावून तपासा.

खरी अडचण लांबीची. ३बी चा व्हीलबेस ८० इंच, ५४० चा साधारण ९१. संच मागे सरकला तेवढा मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर वाजायला लागतात. म्हणून इंजिन जमेल तितकं पुढे घ्यावं. मात्र फॅन आणि रेडिएटरच्या जाळीत २० ते २५ मिमी राहायलाच हवेत, कारण रबर माउंटवर इंजिन हलतं. माउंटिंगचे ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून ठेवा. चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाला शाडूचा गोळा चिकटवा, पुढचे पाटे बंप स्टॉपपर्यंत दाबा आणि गोळा किती चेपला ते बघा. २५ मिमीपेक्षा पातळ राहिला तर पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल चेंबरला भिडणार. पाट्यांचंही आत्ताच ठरवा: दोन्ही इंजिनं भंगारवाल्याच्या काट्यावर तोला, फरक मोठा निघाला तर पुढे एक पाटा वाढवावा लागेल.

पेट्रोलच्या टाकीला परतीची नळी नसते. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत सोडायला ती जोडावी लागते. टाकी आतून धुवा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, कारण पंपाला वंगण डिझेलचंच असतं. व्हॅक्यूमवर चालणारे वायपर बंद पडतील: डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेक बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप आलाच.

गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्ब, हॉर्न, मीटर सगळं १२ व्होल्टचं. बॅटरी ७५ ते ८० एएचची, ग्लो प्लगना (गार इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणाऱ्या) वेगळा रिले आणि जाड वायर. इंजिन ते चासी अर्थ पट्टी बहुतेक जण विसरतात. मग स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो, केबल तापते आणि स्टार्टर मात्र रडत फिरतो.

पहिल्या स्टार्टआधी डिझेल बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत इंजिन थोडं थोडं फिरवा, मग वायर जोडून लाइनमधली हवा काढा. एअर क्लीनर अजून बसवू नका. इनलेट झाकेल अशी सपाट फळी हाताशी ठेवून एक माणूस तिथेच उभा करा: डिझेल सुसाट सुटलं तर चावी फिरवून थांबेलच असं नाही, हवा कोंडली की थांबतं.