टीपीएन पहिल्यांदा लिहिणाऱ्या रेसिडेंटसाठी

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नवे आलेले रेसिडेंट व्हेंटिलेटर भराभर शिकतात, पण टीपीएनचा, म्हणजे बाळाला शिरेतून द्यायच्या संपूर्ण पोषणाचा, कागद पुढे आला की गडबडतात. सरकारी रुग्णालयाच्या नवजात विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की गणित आठवड्याभरात जमतं. लाइन (शिरेत घातलेली नळी) सांभाळणं आणि आईचं दूध लवकर सुरू करणं, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

आधी घाई कशाला ते समजून घ्या. चरबी, ग्लायकोजेन, कॅल्शियम हे सगळं बाळाच्या अंगी साठतं ते गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. 27 आठवड्यांच्या बाळाला ते महिने मिळालेलेच नसतात. त्याला नुसतं ग्लुकोज दिलं तर ते रोज किलोमागे सुमारे एक ग्रॅम स्वतःचं प्रथिन जाळतं. म्हणून अमिनो ॲसिड (प्रथिनांचे घटक) पहिल्याच दिवशी, जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत सुरू करायचं. रात्री दोनला दाखल झालेल्या बाळाचा टीपीएन ‘सकाळी राउंडला बघू’ म्हणून ठेवू नका. शिरेतून दिलेल्या अन्नावर बाळ वाढू शकतं, हे 1968 मध्ये फिलाडेल्फियात विल्मोर आणि डड्रिक यांनी जवळजवळ आतडंच नसलेल्या एका मुलीत दाखवून दिलं होतं. आपल्याला आता फक्त वेळेवर सुरुवात करायची असते.

एक किलोचं बाळ घेऊ, पहिला दिवस, एकूण 80 मिली द्रव. अमिनो ॲसिड 2 ग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांचं 20 मिली. लिपिड (स्निग्ध पदार्थ) 1 ग्रॅम, म्हणजे 20 टक्क्यांचं 5 मिली. कॅल्शियम ग्लुकोनेट 4 मिली. उरले 51 मिली, त्यात ग्लुकोज बसवायचं. जीआयआर (ग्लुकोज देण्याचा वेग) किलोमागे मिनिटाला 5 मिलिग्रॅम हवा असेल तर दिवसाचं ग्लुकोज 5 गुणिले 1.44 (दिवसाची 1440 मिनिटं, भागिले 1000), म्हणजे 7.2 ग्रॅम. 25 टक्के डेक्स्ट्रोज 14 मिली आणि 10 टक्के डेक्स्ट्रोज 37 मिली घेतलं की बरोबर 7.2 भरतात. सोडियम पहिल्या दिवशी नाही, पोटॅशियम लघवी नीट सुरू झाल्यावर. यातून जेमतेम 42 कॅलरी मिळतात. पुढच्या दिवसांत अमिनो ॲसिड आणि लिपिड वाढवत 90 ते 120 पर्यंत न्यायचं असतं. पहिले काही दिवस हे हातानेच मांडा. एक्सेलमध्ये वजन चुकीचं टाकलं तरी उत्तर येतंच, आणि ते चूक आहे हे हाताने गणित केलेल्या माणसालाच कळतं.

मिश्रण लॅमिनार फ्लोखाली, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकापाठोपाठ घालू नका. दोन्हींची गाठ पडली की साका बसतो आणि लिपिड मिसळलेलं असेल तर तो दिसतही नाही. अमेरिकेत अशा साक्याने मृत्यू झाल्यावर 1994 मध्ये तिथल्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) इशारा दिला होता. म्हणून लिपिड वेगळ्या सिरिंजमध्ये, वाय कनेक्टरने जोडून, प्रकाशापासून झाकून. आपल्या उदाहरणात लिपिडचा वेग तासाला जेमतेम 0.2 मिली येतो. ट्यूबिंगमध्ये 2 मिली मावत असतील आणि ती आधी टोकापर्यंत भरली नसेल, तर लिपिड बाळापर्यंत पोचायलाच दहा तास लागतील! ही गोष्ट मला एका अनुभवी सिस्टरने दाखवली. अशा सिस्टर प्रत्येक युनिटमध्ये असतात. त्यांच्या बाजूला उभं राहून शिका.

ऑस्मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) लिटरला 900 मिलिऑस्मोलच्या वर जात असेल तर हातापायाच्या बारीक शिरेतून देऊ नका. नाळेतली व्हीनस लाइन किंवा पीआयसीसी (हातापायाच्या शिरेतून मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक लांब नळी) घ्या आणि तिचं टोक हृदयाच्या बाहेर आहे हे एक्स-रेवर स्वतः पाहा. साध्या शिरेतून देत असाल तर सुईची जागा चिकटपट्टीखाली झाकू नका, कारण कॅल्शियम बाहेर झिरपलं तर कातडी जळते. टीपीएनची लाइन रक्त काढायला किंवा अँटिबायोटिक द्यायला उघडायची नाही. रात्री दुसरी शीर सापडत नाही म्हणून हा मोह होतोच, आणि जंतुसंसर्ग तिथूनच शिरतो.

साखर, इलेक्ट्रोलाइट्स, ट्रायग्लिसराइड्स तपासाल याची मला खात्री आहे. फॉस्फेट मात्र विसरलं जातं. अमिनो ॲसिड मिळून पेशी वाढू लागल्या की त्या फॉस्फेट आणि पोटॅशियम ओढून घेतात. पहिल्या आठवड्यात दोन्ही घसरतात आणि कॅल्शियम वाढतं. टीपीएन दोन आठवड्यांपुढे गेला तर डायरेक्ट बिलिरुबिनवरही (यकृताला त्रास होतोय का ते दाखवणाऱ्या तपासणीवर) लक्ष ठेवा.

बाहेर बाळाची आजी विचारते, “पोटात काहीच नाही का दिलं हो?” तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. पोट रिकामं राहिलं की आतड्याचं अस्तर विरळ होतं. म्हणून टीपीएन लिहिताना त्याच कागदावर दुधाचा रकानाही भरा: किलोमागे रोज 10 ते 20 मिली, शक्यतो आईचंच. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच पोस्टनेटल वॉर्डात जाऊन आईला हाताने दूध काढायला शिकवा, दिवसातून आठ वेळा तरी. थेंबच आले तरी ते वर पाठवायला सांगा. तिचं दूध येईपर्यंत मिल्क बँकेचं पाश्चराइज्ड दूध मागवा. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, आणि आता इतर शहरांतही ही सोय आहे. फीड (पोटातून दिलेलं दूध) वाढेल तसा टीपीएन त्याच प्रमाणात उतरवा, एकदम तोडू नका, नाहीतर साखर खाली येते. फीड किलोमागे रोज 120 मिलीच्या आसपास पोचून पचायला लागलं की त्याच दिवशी लाइन काढा.