केऑस मेश: पहिला प्रयोग लावण्याआधीची तयारी

केऑस मेश हे कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) क्लस्टरमध्ये मुद्दाम बिघाड घडवून बघण्याचं टूल. ते हेल्मने (कुबरनेटीसचा पॅकेज मॅनेजर) इन्स्टॉल करण्याआधी नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) कोणता कंटेनर रनटाइम (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे ते बघा. नोड्सची यादी ‘वाइड’ आउटपुटमध्ये काढली की शेवटच्या रकान्यात दिसतो. केऑस मेशचा चार्ट (हेल्मचं पॅकेज), वेगळं सांगितलं नाही तर, डॉकर गृहीत धरतो. कुबरनेटीस १.२४ पासून (२०२२) डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) गेलं, त्यामुळे बहुधा कंटेनरडीच निघेल. मग केऑस डीमनसाठी (नोडवर बसून बिघाड घडवणारा घटक) रनटाइमचं नाव आणि सॉकेटचा (रनटाइमशी बोलायच्या फाइलचा) पाथ, दोन्ही बदला. के३एसचा (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) पाथ वेगळा असतो, तोही तपासा. इथे चुकलं तरी पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) मारण्याचा प्रयोग व्यवस्थित चालतो, कारण तो एपीआय सर्व्हरमार्फत होतो. नेटवर्कचा प्रयोग डीमनमार्फत होतो, तो लावला की मग अडतं, आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात.

डीमन प्रिव्हिलेज्ड, म्हणजे नोडवर जवळपास पूर्ण अधिकारांनी, चालतो. त्यामुळे त्याला वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला कप्पा) द्या आणि पॉड सिक्युरिटी (पॉडच्या अधिकारांवरची बंधनं) लागू असेल तर तिथे ‘प्रिव्हिलेज्ड’ पातळी ठेवा. टेंट (पॉडना मज्जाव करणारी खूण) लावलेल्या नोडवर डीमन उतरत नाही. तिथले पॉड लक्ष्य असतील तर टॉलरेशन (त्या मज्जावातून सूट) जोडा. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर नेटेमचं (नेटवर्कला विलंब लावणारं) कर्नल मॉड्यूल अनेकदा नसतं, ते जादा मॉड्यूल्सच्या पॅकेजमधून येतं.

कुंपण मात्र आधी घाला. प्रयोग कुठल्या नेमस्पेसमध्ये चालेल ते ठरवणारा नेमस्पेस फिल्टर मुळात बंद असतो. तो चालू करून फक्त चाचणीच्या नेमस्पेसला परवानगीचं अ‍ॅनोटेशन लावा. लेबल लावून भागत नाही. होस्ट नेटवर्कवरचे (नोडचंच नेटवर्क वापरणारे) पॉड सिलेक्टरमध्ये (लक्ष्य निवडणाऱ्या नियमात) येऊ देऊ नका, नाहीतर विलंब अख्ख्या नोडला लागतो.

सुरुवातीला मोड ‘वन’ (एकच पॉड), विलंब २०० मिलिसेकंद, कालावधी ६० सेकंद पुरे. टार्गेट (कुणाशी होणारा संवाद मंदावायचा ते) न देता विलंब १ सेकंदाच्या वर नेलात तर लाइव्हनेस प्रोबची (कंटेनर जिवंत आहे का याची चाचणी) उत्तरंही उशिरा पोहोचतात. प्रोबचा टाइमआउट मुळात १ सेकंदाचाच असतो आणि सलग ३ वेळा चुकला की क्यूबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा एजंट) कंटेनर रीस्टार्ट करतो. नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, वरची नेमस्पेस नव्हे) कंटेनरची नसून पॉडची असल्याने रीस्टार्टनंतरही विलंब तसाच राहतो. मग तुम्ही मंद नेटवर्क तपासत नसता, रीस्टार्टचं चक्र तपासत असता.

थांबवायचं कसं, हे आधीच करून बघा: प्रयोगाला पॉजचं अ‍ॅनोटेशन लावा, विलंब खरोखर गेला का ते पॉडमधून मोजा. टूल काढायचं झाल्यास आधी सगळे प्रयोग डिलीट करा, मगच हेल्मचं अनइन्स्टॉल. क्रम उलटला तर फायनलायझर (साफसफाई होईपर्यंत डिलीट रोखणारी खूण) काढणारं कुणी उरत नाही आणि प्रयोग ‘टर्मिनेटिंग’मध्ये अडकून बसतात.