ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत “गेम अडखळतोय, कार्ड जुनं झालं” ही तक्रार वाढते. हिवाळ्यात सुरळीत चालणारे ग्राफिक्स कार्ड (संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) उन्हाळ्यात मंदावले, तर पहिला संशय वयावर न घेता तापमानावर घ्यावा. साधारण 83 ते 90 अंशांच्या मर्यादेला पोहोचलेली चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्या माझ्या भाच्याने जीटीएक्स 1060 हे 2016 सालचे कार्ड काढून टाकायचे ठरवलेच होते. आम्ही ते उघडले, तेव्हा हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये सुताचे बारीक तंतू इतके घट्ट बसले होते की चिमट्याने ओढताच नमद्यासारखा अखंड थर निघाला. चिपची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा खालचा लेप, म्हणजे थर्मल पेस्टही खडूसारखी कोरडी झाली होती. ब्रशने सफाई करून नवी पेस्ट लावल्यावर त्याच गेममध्ये तापमान 88 वरून 72 अंशांवर आले आणि अडखळणे थांबले. ब्लोअर वापरताना मात्र पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण झोताने तो भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे अडचण कोणत्या भागात आहे हे न पाहता खरेदी करणे. गेम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर सतत 95 टक्क्यांच्या पुढे असेल, तर कार्डच कमी पडत आहे. तो 50-60 टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन उतरवूनही वेग वाढत नसेल, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो आहे आणि महागडे कार्ड लावून फारसा फरक पडणार नाही. चादर-टॉवेलच्या नक्षीचे काम करणाऱ्यांनी तर हे आवर्जून तपासावे, कारण सपाट नक्षीकामाला बहुतेक वेळा रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (वेगवान साठवण) यांचाच अधिक उपयोग होतो.

एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, होणारे दुर्लक्ष मला सर्वांत धोक्याचे वाटते. मदरबोर्डचा स्लॉट 75 वॉटपर्यंतच वीज देतो, तर आरटीएक्स 3060 या कार्डाला सुमारे 170 वॉट लागतात आणि त्यासाठी 550 वॉटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसला जोडवायर लावून असे कार्ड चालवू नये. गेम ऐन भरात आल्यावर संगणक एकदम बंद पडत असेल, तर तापमानाइतकाच या डब्यावरही संशय घ्यावा. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हेही आधी पट्टीने मोजावे.

जुने कार्ड घेताना ते मायनिंगला (क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी सतत गणिते करण्याच्या कामाला) जुंपले होते का, हे विचारावे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग थांबल्यानंतर अशी कार्डे मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, त्यामुळे निदान अर्धा तास गेम चालवून पंख्याचा आवाज आणि तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भाच्याचे कार्ड त्या सफाईनंतर दोन वर्षे उत्तम चालले. आता मात्र नव्या गेममध्ये त्याची 6 जीबी मेमरी काठोकाठ भरते, मग दृश्य क्षणभर गोठते आणि भिंतींवरचे पोत धूसर दिसतात. शिवाय त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडिया या उत्पादक कंपनीचे नियमित गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर 2025 नंतर थांबले आहेत. ही दोन्ही कारणे ब्रशने साफ होणारी नाहीत, म्हणून या वेळी नवे कार्ड घ्यायला मीच त्याला सांगितले आहे.